काळ्या गोट्यावर कोण राहत होतं

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये तुटलेल्या वस्तू येतात. मोडलेला गिअर, तडा गेलेला बोल्ट. मी त्यांचे काप काढून घेते, आरशासारखे पॉलिश करते आणि धातूने कुठे दगा दिला ते भिंगाखाली बघून सांगते. आकुर्डीला डिप्लोमा केल्यापासून हेच करतेय. त्यामुळे निळ्या पिंपातून समुद्राच्या तळावरचे काळे गोटे आले, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

बटाट्याएवढे, खरखरीत गोटे. चॉकलेटी चिखलात लडबडलेले. त्यात निकेल, कोबाल्ट, तांबं असतं आणि ते बॅटऱ्यांना लागतं. कापून आतली रचना सांगायची, एवढंच आमचं काम. पाठवणाऱ्या संशोधक मॅडम स्वतः आल्या होत्या. मला वाटलं होतं मासळीसारखा वास येईल. कसलाच वास नव्हता.

कटिंग मशीन आमचे चाचा चालवायचे. मूळचे बीडचे, निवृत्तीला आलेले, फार न बोलणारे. त्यांनी पहिला गोटा पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला आणि एकदम हात मागे घेतला.

"बेटा, इकडं ये जरा."

गोट्याला एक पांढरी काडी चिकटलेली होती, केरसुणीच्या हिरासारखी. टोकाला चुरगळलेलं काहीतरी. पॅकिंगचा दोरा असेल, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात ती काडी दगडापासून सुटली आणि हळूहळू पाण्यात उभी राहिली. टोकाचं चुरगळलेलं उलगडलं, त्याचा इवलासा पेला झाला. आणि तो डोलायला लागला. मशीन बंद होतं. ट्रेला कुणाचा हात लागलेला नव्हता.

"ह्याच्यावर कोणतरी राहत होतं," चाचा म्हणाले.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, "स्पंज आहे. प्राणीच असतो तो. मेलाय, घाबरू नका."

"कधी मेला?" मी विचारलं.

"आम्ही वर आणला तेव्हा."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी लॅपटॉपवर तळाचं चित्रीकरण दाखवलं. चार-पाच किलोमीटर खोल, जिथे उजेड कधीच पोचला नाही. दिव्याच्या वर्तुळात नुसता चिखल आणि त्यावर पसरलेले काळे गोटे. तेवढीच काय ती घट्ट जागा, म्हणून जो तो गोट्याला धरून बसलेला. कुणी फुलासारखा, कुणी नुसती नळी. काकडीच्या आकाराचा एक काचेसारखा प्राणी चिखल खात चालला होता, त्याच्या पोटातला चिखल बाहेरून दिसत होता. मग पडद्यावर एक पांढरीफटक ऑक्टोपस मादी आली. मेलेल्या स्पंजच्या काडीवर तिने अंडी घातली होती आणि सगळे हात त्यांच्याभोवती लपेटून ती बसली होती. दिवा अंगावर पडला तरी हलली नाही.

"किती दिवस बसते अशी?"

"वर्षं. नक्की किती, कुणालाच माहीत नाही."

शेवटी त्यांनी एक चर दाखवला. नांगराच्या तासासारखा, कडा धारदार. मला वाटलं, गोटे गोळा करणारं यंत्र नुकतंच गेलंय. "माझं लग्नही झालं नव्हतं तेव्हाचा आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. चरात एकही गोटा नव्हता. कुणी बसलेलंही नव्हतं. कॅमेरा त्यावरून बराच वेळ जात राहिला आणि मला डबा संपवता आला नाही.

दुपारी मी चिमट्याने स्पंज सोडवला आणि मॅडमनी दिलेल्या स्पिरिटच्या बाटलीत ठेवला. चाचा म्हणाले, "हा गोटा मी नाही कापणार." इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या कामाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग मीच कापला. आत कांद्यासारख्या रिंगा होत्या, आणि मधोमध शार्कचा दात, पात्याने बरोबर दोन भाग केलेला. कधीतरी एक दात तळाशी पडला, आणि त्याच्यावर हा दगड धरत गेला. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, असं मॅडमनी सांगितलं होतं. मला पावणेदोन मिनिटं लागली.

रिपोर्टमध्ये धातूच्या नोंदीखाली मी एक ओळ लिहिली: "नमुन्यावर प्राणी चिकटलेला होता, वेगळा काढला." लॅबच्या साहेबांनी ती खोडली. "अहो, आपण धातू तपासतो. प्राणी आपल्या कामात येतो का?" मी पुन्हा लिहिली, त्यांनी तशीच सही केली. रिपोर्टबरोबर ओळही गेली.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला. स्पंज तज्ज्ञांना दाखवला होता. कुणालाच ओळखता आला नाही, बहुतेक अजून त्याला नावच नाहीये. "तो गोट्यावरच होता, याला पुरावा म्हणून रिपोर्टमधली तुमची ओळ कामाला आली," त्या म्हणाल्या. मोशीच्या बसमध्ये होते मी. बरं वाटायला हवं होतं. मला मात्र ट्रेमध्ये डोलणारा तो पेला आठवत राहिला.

पुढचं पिंप आलं तेव्हा मॅडम आल्या नव्हत्या. यावेळी चिखल नव्हता. प्रत्येक गोटा कोरडा, वेगळ्या पिशवीत. मी एकेक पाण्यात ठेवून वाट बघितली. काहीच उभं राहिलं नाही. भिंगाखाली मात्र दगडावर बारीक ओरखडे दिसले, ब्रशचे.

चाचांनी एक गोटा उचलून फिरवून पाहिला. "घासून पाठवलेत," ते म्हणाले. "तुला लिहायला काही उरू नये म्हणून."

मी मशीन चालू केलं. आठवडाभरात सगळे कापून झाले.