साहेबांसमोर बंद पडणारी मशीन

त्या मशीनच्या सीटखाली उंदीर मरून पडले होते. एक मोठा आणि चार पिल्लं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्याची किळस मला त्या उंदरांपेक्षा जास्त आली आणि ती अजून गेलेली नाही.

मशीन होती गवत कापायची. वर बसून चालवायची, लहानशा ट्रॅक्टरसारखी. पोटाखाली पातं फिरतं आणि माणूस सीटवर बसून स्टिअरिंग धरतो. छत्तीसगड वेगळं होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा जबलपुरात अशा मशीना कुठं दिसायच्या? ही बरगीच्या रस्त्यावर एका बड्या माणसाच्या फार्महाऊसमध्ये धूळ खात पडली होती. त्याचा शौक संपला आणि आमच्या क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी ती उचलून आणली. "आमचा क्लब" ही मामांची सवय मला लागली, बाकी क्लब आमचा कधीच नव्हता. मामा तिथं अठ्ठावीस वर्षांपासून माळी होते.

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. मूलबाळ नाही. क्लबच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली, त्यात मामा आणि मामी. मामांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता, आणि ढकलायची मशीन घेऊन एवढं मोठं मैदान कापणं त्यांच्यानं होत नव्हतं. सेक्रेटरीनं तोंडावर सांगितलं होतं, "ये नई मशीन चला सके तो रिटायर होने तक दो साल और रहो. नहीं तो ठेकेदार को दे देंगे." ठेकेदार आला की नोकरी गेली, आणि नोकरीसोबत खोली. दोन वर्षांत आमच्या चेरीतालच्या घरामागं त्यांच्यासाठी एक खोली उभी करायची, असं आईनं ठरवलं होतं. तोवर ती मशीन चालणं भागच होतं.

मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन. पंप, कूलर, घरांची वायरिंग, जे येईल ते करायची. लोक दारात मला पाहून विचारायचे, "भैया नहीं आए?" मग मी पेटी मुद्दाम दणकन आपटूनच आत शिरायची. मामांनी निरोप धाडला तेव्हा मला वाटलं, बॅटरी-चावीचं काम, एका सकाळी होऊन जाईल.

कसलं काय! चावी फिरवली की नुसतं टिक. झाकण उघडलं तर बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा गंज फुगून बसलेला. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून कोंबलेली. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, आणि ज्या उंदरांनी सोडल्या त्या कोणा शहाण्यानं कापून, पिळून, जखमेवर लावायची डॉक्टरची पट्टी लावून जोडलेल्या. त्या सगळ्यावर गुटख्याची वाळलेली पिंक. वायरिंगवर कोण थुंकतं हो? आपल्या ताटात थुंकायचे का हे लोक? मी मशीनला सोडून त्या न पाहिलेल्या मिस्त्रीला इतक्या शिव्या घातल्या की मामी खोलीतून बाहेर आली.

मग सीट उलटी केली, तर ते उंदीर. ओढणी नाकाला बांधली, काडीनं घरटं ओढून काढलं आणि भिंतीमागं जाऊन उलटी केली. मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. म्हणाली, "राहू दे माय, दुसरं कोणी पाहील." दुसरं कोण पाहणार होतं?

त्या घरट्याखाली सीटचा स्विच सापडला. साधं बटण असतं. माणूस बसला की दाबलं जातं, उठला की सुटतं आणि इंजिन आपोआप बंद. पातं फिरत असताना कोणी खाली उतरू नये म्हणून ही सोय. फार्महाऊसवाल्यांनी त्याची दोन टोकं वायरीच्या तुकड्यानं जोडून टाकली होती, म्हणजे सीटवर माणूस असो की नसो, पातं आपलं गरगर चालू. असल्या कामाला लोक "जुगाड" म्हणून कौतुकानं हसतात. मला किळस येते. माझ्या बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. काम लवकर व्हावं म्हणून कोणीतरी त्यांच्या मशीनची जाळी काढून ठेवली होती. आणि मामांना तर खोडच होती, गवतात दगड दिसला, प्लास्टिकची पन्नी दिसली की हातातलं सोडून उचलायला धावायचे. मी तो तुकडा तोडून फेकला, स्विच घासूनपुसून बसवला आणि मामांना बजावलं, "हा तुमच्या पायांसाठी आहे. याला कोणी हात लावायचा नाही."

चार दिवस गेले. बॅटरी चार्ज केली, अर्ध्या वायरी नवीन ओढल्या, फ्यूज फ्यूजसारखा लावला. पाचव्या दिवशी मशीन सुरू झाली. मामा वर बसले, घाबरत घाबरत एक चक्कर मारली, मग दुसरी. तिसऱ्या चकरेला त्यांनी मला हात हलवून दाखवला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मामी म्हणाली, "पाह्य तर, नवरदेवासारखे बसून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी मशीन पाहायला आले. गाडीतून उतरून दहा पावलं आले नसतील, तर मशीन बंद. "क्या हुआ?" मामा चावी फिरवून राहिले, मशीन लगेच चालू. साहेब जरा लांब गेले, तोवर चालू. परत फिरून आले, बंद! "क्या कबाड़ है ये," म्हणाले आणि निघून गेले.

मी सगळं पुन्हा उघडलं. चावीचा स्विच बदलला, बॅटरीजवळचा रिले बदलला, इंजिनाला जाणारी वायर बोटाबोटानं तपासली. मी स्वतः बसून अख्खं मैदान फिरवलं, एकदाही बंद नाही. मामांनी फिरवलं, एकदाही नाही. दोन दिवसांनी साहेब आले, बंद. मला वाटलं, मामा वाळून काडी झालेले, त्यांच्या वजनानं बटण पुरतं दाबलं जात नसेल. सीटखाली रबराचा तुकडा ठोकून बटण वर आणलं. मामीलासुद्धा बसवून पाहिलं, मशीन चालू. साहेब आले, बंद.

क्लबचा खानसामा म्हणाला, साहेबांची नजर लागते. दुसऱ्या दिवशी पाहते तर मशीनच्या पुढं लिंबू-मिरची लटकवलेली. आमच्या मामीनं! विहारात पहिल्या रांगेत बसून अंधश्रद्धेवरची भाषणं ऐकणारी मामी! मी तोडून फेकली. "लाज नाही वाटत?" मामी म्हणाली, "लाज पाहू का खोली पाहू? परवा कमेटी येऊन राहिली. त्यांच्यासमोर बंद पडली म्हणजे ठेकेदार."

मग दुसऱ्या दिवशी मी ते केलं, जे पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. सीटच्या स्विचला दोन लांब वायरी जोडल्या आणि मशीनच्या तोंडावर एक लहान बल्ब बांधला. बसलं की पेटेल, उठलं की विझेल. मामांना सांगितलं, चालवा. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून बल्बकडे डोळे लावले.

फाटकातून साहेबांची गाडी आत आली. बल्ब विझला. मग इंजिन बंद पडलं. मी मान वर केली आणि सीटकडे पाहिलं. मामा सीटपासून वीतभर वर उठलेले, उजवा हात कपाळाला, मान खाली. गाडी पुढं गेली. मामा खाली बसले आणि निरागसपणे चावी फिरवू लागले.

इतक्या दिवसांची माझी धडपड, तो गंज, त्या पिंका, ते उंदीर, आणि बिघाड कुठं तर इथं! हाच माणूस सकाळी वस्तीत ताठ मानेनं जयभीम घालायचा. याच माणसानं मला लहानपणी सांगितलं होतं की माझा आजा गावात पाटील दिसला की चपला हातात घेऊन बाजूला उभा राहायचा, आणि त्याच घाणीतून निघायला आपण भंडाऱ्याकडचं गाव सोडून इकडं आलो.

मी तरातरा गेली. "मामा, तुम्ही उठले काहून?"

"मी? मी कुठं उठलो?"

"साहेब आले तर उठले ना तुम्ही."

"नाही बाई, मी बसूनच होतो. तू काहीही बोलून राहिली."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्या क्षणी कीव यायला पाहिजे होती. आला तो राग. त्यांना म्हटलं, बल्बकडे पाहा. आणि त्यांच्या पाठीमागं पाहून जोरात म्हणाली, "साहेब आले!" मामा उठले, बल्ब विझला. मामा ओशाळून हसले. मी पुन्हा म्हटलं, "साहेब आले!" आता त्यांना माहीत होतं की मागं कोणी नाही, तरी ढुंगण वीतभर उचललं गेलंच. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं, आणि तरी बल्ब विझला. मामी दारातून पाहत होती. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बस कर बाई. अठ्ठावीस वर्षं झाली. आता अंगच ऐकत नाही."

मला माझीच शिसारी आली. तरी तोंड थांबलं नाही. असली गुलामी कशी काय अंगात मुरते, माझ्यात नाही बा असलं काही, मी कोणा साहेबाला घाबरत नाही, असं बरंच काही बोलून गेली मी.

मामा शांतपणे म्हणाले, "तो स्विच काढून टाक ना. तुकडा जोडून दे, होता तसा."

"नाही. पाय गेला तर?"

"मग काय करू? उद्या सकाळी कमेटी आहे."

मग मामांनी खांद्यावरचा गमछा काढून माझ्यासमोर धरला. "मला बांधून टाक."

मी म्हटलं, "माणसाला बांधू?" मामीनं पुढं होऊन मामांच्या हातून गमछा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच बांधला. मांड्यांवरून घेऊन सीटखालून काढला आणि करकचून गाठ मारली, मामांच्या हाताला येईल अशी. वरून त्यांचा लांब सदरा ओढून दिला, कोणाला दिसू नये म्हणून.

आठ वाजता लॉनवर खुर्च्या मांडल्या. सेक्रेटरी आणि कमेटीचे चौघं, हातात चहाचे कप. मी कडेला कडुनिंबाखाली उलट्या बादलीवर बसली होती, पेटी पायाशी, खानसाम्यानं दिलेला चहा माझ्याही हातात. बल्ब मी काढला नव्हता. मामांनी लांबची एक पट्टी कापली, वळले आणि सरळ खुर्च्यांकडे येऊ लागले. साहेबांनी मान वर केली. मामांचे खांदे उचलले गेले. हात कपाळाला गेला. सदऱ्याखाली गमछा ताणला गेलेला मला इतक्या लांबून दिसला, मांडीत रुतलेला. बल्ब पेटलेलाच राहिला. मशीन खुर्च्यांसमोरून गवत कापत निघून गेली.

"अरे वाह, आज तो चल गई," सेक्रेटरी म्हणाले. कमेटीतल्या एकानं विचारलं, आदमी ठीक है? सेक्रेटरी म्हणाले, "पुराना आदमी है. दो साल और देख लेगा." झालं. एवढ्या एका वाक्यासाठी.

मामा चक्कर पूर्ण करून माझ्या झाडाजवळ येऊन थांबले. चावी फिरवून मशीन बंद केली, पण गाठ सोडली नाही. साहेब लोक अजून लॉनवर होते. सेक्रेटरी कमेटीला सोडून आमच्याच दिशेनं चालत आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "अच्छा काम किया, बेटी," आणि थांबायचीही गरज न वाटता पुढं निघून गेले.

मामी येऊन गाठ सोडू लागली. ओढ बसून ती इतकी घट्ट झाली होती की तिला दात लावावे लागले. मामा तिच्याकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. माझ्या सलवारवर गरम चहा सांडलेला होता, बादली आडवी होऊन मागं घरंगळली होती, आणि रिकामा कप मी पाठीमागं लपवून धरला होता.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "तू काहून उठली?"

"मी?" मी म्हटलं. "मी कुठं उठली?"