तिसऱ्या मजल्यावरचे भावोजी

मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. करत होते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं, म्हणून जरा बदल व्हावा या हेतूने आईला बोलावून घेतलं आणि दोन दिवस जवळच्याच एका गावी घेऊन गेले. कोळशाच्या खाणी बंद पडून ओस झालेलं गाव, पण हॉटेल असं की राजाने उतरावं! झुंबरं, संगमरवरी जिना, आणि पाहुणे म्हणाल तर आम्ही दोघीच. स्वस्त होतं, म्हणून तर गेलो.

किल्ली देताना ऐंशीच्या घरातल्या मालकीणबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर माझा नवरा चालतो. खाणीत इंजिनिअर होता. वारला, पण बूट काही काढत नाही." मला मेलीला भाषांतराचा कंटाळा. मी आईला एवढंच सांगितलं, "वर भूत आहे म्हणे."

संध्याकाळी आईने डब्यातला उरलेला दहीभात बशीत काढला, वर कुंकू, बाजूला लिंबू, आणि असा साग्रसंगीत उतारा जिन्याच्या वळणावर ठेवून आली. "झोप आता बिनघोर," म्हणाली.

सकाळी न्याहारीच्या वेळी बाई तीच बशी हातात घेऊन आल्या. "काल तो चाललाच नाही. हे काय आहे?" मी चाचरत सांगितलं, भुताला घालवायचा उपाय. बाई मटकन खुर्चीत बसल्या. "आल्झो... म्हणजे... खाण गेली, पाहुणे गेले. हा तेवढा राहिला होता." आणि चक्क रडायला लागल्या.

आईने मला कोपराने ढोसलं. सगळं सांगितल्यावर ती भडकलीच. "अगं बाई! नवरा आहे हे सांगायला तोंड दुखत होतं का तुझं? विचार त्यांना, काय आवडायचं त्यांच्या ह्यांना?"

लिव्हरचं सॉसेज आवडायचं. जन्मात अंड्याला न शिवलेल्या माझ्या आईने ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बशीत वाढलं, भोवती पाणी फिरवलं आणि जिन्याकडे बघून हात जोडले. "भावोजी, चुकलं माझं. या परत. बायको वाट बघतेय."

वर कुठेतरी धाडकन आवाज झाला. हीटिंगचा पाइप असणार. मी इंजिनिअर आहे, मला कळतं. पण बाई "गेनाऊ! बरोबर, तोच!" म्हणत आईच्या गळ्यात पडल्या.

परतीच्या गाडीत आईने रिकामा डबा पिशवीत कोंबला. मग म्हणाली, "बाबांचं दहावं, तेरावं, सगळं आपण अगदी नीट केलं ना गं?"

"हो आई. काही म्हणजे काही राहिलं नाही."

"तेच तर," ती म्हणाली. "थोडं राहू द्यायला हवं होतं."