रॉकेलने पुसलेली करवत

ती घटना विसरलो असं मी म्हणालो, तर ते खोटं ठरेल. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंच डोक्यातून गेलं. एक साधी लोखंड कापायची करवत मात्र जात नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, शिक्के नवे, खुर्च्या अपुऱ्या. त्यात दुष्काळ. मी नांदेडहून बदलून आलेला फौजदार, जळकोटच्या बाजूच्या एका लहान ठाण्यात. तिथल्या एका गावात पाणी होतं ते फक्त एका हापशाला. एका सकाळी त्याचा दांडा ढिला पडला. आतला पाइप तुटून बोअरमध्ये गेला होता.

दुपारी गावातला एक वजनदार माणूस ठाण्यात आला. खुर्चीवर टेकत म्हणाला, "साहेब, पायप तुटला न्हाई, कापलाय. काल रांगंवरनं भांडण झालं. वस्तीतला तो मेकॅनिक संध्याकाळी करवत घेऊन हापशापाशी व्हता. आमच्या माणसानं बघितलंय."

हा मेकॅनिक बौद्ध वस्तीतला, आयटीआय झालेला तरुण. आसपासच्या गावांचे हापसे रोजंदारीवर दुरुस्त करायचा. नव्या जिल्ह्यात कायम मेकॅनिक भरायचे होते आणि त्याचं नाव यादीत आलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी पंचनामा मी त्या वजनदार माणसाच्या ओसरीवर बसून, त्याचाच चहा पीत लिहिला. पंच त्यानेच दिले. हापशाचं डोकं उचलून तुटलेलं टोक बघायला हवं होतं. ऊन फार होतं, एवढंच माझं कारण.

झडतीत करवत सापडली. तेलकट चिंधीत नीट गुंडाळलेली. चौकशीला बसवलं तेव्हा पोरगा घाबरला नाही, याचाच मला राग आला.

"हापशापाशी कशाला गेला होतास?"

"आवाज वेगळा यायला लागला व्हता, साहेब. वरच्या जोडाला जस्ताचा थर उरला न्हाई, पायप बदला म्हणून मी दोन अर्ज दिलेत."

"आणि करवत?"

"शाळंच्या टाकीला नवा पायप कापला तिनं. तुम्ही पातं बघा की. ओल्या, गंजक्या पायपावर चालवली असती तर दातात लाल भुगा राहिला असता."

आरोपीने मला शिकवावं? मी पट्टा उचलला. उजव्या हातावर मारलं, चार वेळा. मी समजलो की गडी मऊ पडलाय, सकाळपर्यंत कबूल करतो.

सकाळी मुद्देमाल जमा करायचा होता. तेलामुळे लेबल चिकटेना. चिंधी वेगळी आणि करवत वेगळी नोंदवून मी म्हणालो, "रॉकेलने पुसून काढा." मुद्देमाल सांभाळणारे हवालदार वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, उदगीरकडचे. म्हणाले, "साहेब, बिनतेलाची कोरडी ठिवली तर गंजंल."

"मुद्देमाल आहे हा, हार्डवेअरचं दुकान नाही."

त्यांनी पुसली. मग फडकं उजेडात धरलं आणि मला जवळ बोलावलं. "हे बघा. दातातनं निघालेला कीस पांढरा हाय. नव्या पायपाचा. लाल कण बी न्हाई ह्यात. दर शुक्रवारी रायफली साफ करून घेता की आमच्याकडनं. ओल्या नळीचं सकाळी काय व्हतंय, तेच ह्या पात्याचं झालं असतं, तुम्हाला म्या सांगावं का?"

पोराने रात्री हेच सांगितलं होतं. सांगणारा बदलला तेव्हा मला ते पटलं.

त्याला कोठडीतून काढलं आणि जीपमध्ये घालून गावात नेलं. हापशाचं डोकं उचललं. वर अडकून राहिलेलं पाइपाचं टोक कागदासारखं पातळ झालेलं. बोटाने दाबलं तर गंजाच्या पापड्या हातात आल्या. करवतीची एक रेघ नव्हती.

गळ टाकून पडलेला पाइप त्यानेच वर काढला आणि नवा तुकडा जोडायला घेतला. उजवा हात सुजला होता, पाना धरवेना. डाव्या हाताने पाइपाच्या आट्यांवर, म्हणजे पेचांवर, सूत गुंडाळलं, वर सफेद्याचा पांढरा लेप भरला. मी विचारलं म्हणून सांगितलं, "जस्त लोखंडाच्या आधी झिजतंय, साहेब. ते हाय तवर लोखंडाला धक्का न्हाई. पण आटे पाडले की तिथलं जस्त निघून जातं. तिथं सफेदा लावायचा असतो, हापसा बसवणाऱ्यांनी लावला न्हाई. त्यात पाणी खाली गेलं, जोड घडीत ओला, घडीत कोरडा. गंज तिथंच लई." पाणी आलं. रांग सरकली. त्याची माफी कुणी मागितली नाही, आणि मीही नाही.

मी कोर्टाला 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असा अहवाल. कोर्टाची मंजुरी यायला काही महिने गेले. मधल्या काळात त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात आला. मी नियमाप्रमाणे लिहिलं : "गुन्हा तपासावर आहे." खाली दोन ओळी वाढवता आल्या असत्या, की हा माणूस निर्दोष आहे, चूक आमची आहे. माझी चूक कागदावर येईल म्हणून लिहिलं नाही. त्याची जागा दुसऱ्याला गेली.

मंजुरी आल्यावर त्याला मुद्देमाल न्यायला बोलावलं. लाखेचं सील फोडलं. पातं तांबडं झालं होतं, चौकटीचा स्क्रू फिरेना. कोपऱ्यात हवालदार मान खाली घालून उभे होते.

त्याने पात्यावरून अंगठा फिरवला. "तेलाचं एक बोट पुरलं असतं, साहेब," एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, "नवी घेऊन देतो."

"नगं. मी घासून बघतो."

गंज धरायच्या आधी तेलाचा हात लावावा लागतो. मला ते पात्याबद्दलही कळलं नाही आणि माणसाबद्दलही. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय, आणि त्याची चौकशी कधी झाली नाही.

मी पावती पुढे सरकवली. तिच्यावर नेहमीची ओळ होती : "माल सुस्थितीत मिळाला, तक्रार नाही." त्याने ती सावकाश वाचली. माझ्याकडे पाहिलं. मी ती ओळ खोडेन म्हणून तो थोडा थांबला असावा. पेन माझ्याच हातात होतं. मी ते त्याला दिलं, आणि त्याने सही केली.