अण्णांचा ट्रायल आणि दत्तूचं बोट

दत्तू टेलर तापाने गेल्याचं मला महाडला कळलं ते अण्णा खोतांच्या गड्याकडून. सोबत अण्णांचा निरोप होता, “मास्तर, शोकसभेला दोन शब्द लिवून आना. तुमचं लिवनं चांगलं.” माझं लिहिणं अण्णांना का आवडतं, ते मला ठाऊक आहे...

गोवा मुक्त झाला त्याच्या आदल्या वर्षीचा हंगाम. मी तेव्हा पोलादपूरकडे शाळामास्तर होतो. भात कापलं की सावित्रीकाठी अण्णांच्या शेतात आमचं क्रिकेट सुरू व्हायचं; दुसरी सपाट जागाच नव्हती. कायद्याने खोती गेली, ती अण्णांच्या बॅटीत येऊन राहिली होती. फलंदाजाला पहिला चेंडू ‘ट्रायल’, त्यावर बाद नाही, हा आमचा रिवाज. अण्णांचा ट्रायल त्यांच्या वीस धावा होईपर्यंत चाले. दांडी उडाली की यष्टिरक्षक ती अदबीने पुन्हा रोवायचा. महाडचे पाहुणेही गप्प असत, कारण दुपारचं मटण अण्णांकडे असे. आम्ही शिकलेली माणसं याला खिलाडूवृत्ती म्हणत होतो.

त्या वर्षी महाडविरुद्ध दत्तूला पंच केलं, कारण त्याला खेळता येत नव्हतं. दुसऱ्याच चेंडूवर अण्णांची मधली दांडी आडवी झाली आणि दत्तूने बोट वर केलं.

“वाऱ्याने पडली रे ती,” अण्णा म्हणाले.

“वारा असता तर आधी तुमची टोपी गेली असती, अण्णा.”

बांधावर कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी खेळपट्टीवर पाला-शेण पसरून राब भाजला. भाताच्या रोपांसाठी जमीन अशी भाजतात ती शिमग्याच्या सुमाराला, आमची खेळपट्टी मार्गशीर्षात पेटली. मग आम्ही अकरा मर्द माफीपत्र घेऊन अण्णांच्या ओटीवर गेलो. पत्र मी लिहिलं होतं : ‘पंचांच्या दृष्टिदोषामुळे चुकीचा निर्णय दिला गेला.’ अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं, शेत परत दिलं आणि वाक्य बाजारभर केलं. “ज्याला दांडी दिसत नाय, त्याला टाका काय दिसनार?” म्हणत लोक सदरे-चोळ्या दुसऱ्या शिंप्याकडे नेऊ लागले. त्यांत आमच्या संघातलेही होते.

दत्तू मला एकदाच म्हणाला, “माफी मागायची तर मागा, मास्तर. माजं डोलं कशाला दिलंत त्यात?” पुढे माझी महाडला बदली झाली, तेव्हा मला बरंच वाटलं.

शोकसभेत अण्णा म्हणाले, असा निःपक्षपाती पंच होणे नाही. आम्ही त्याच अकरा जणांनी माना डोलावल्या. मग मी माझा कागद वाचला. दत्तूचे डोळे उत्तम होते, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं. ते आज इथे लिहितो. आता त्याला त्याचा काही उपयोग नाही.

सभेनंतर दत्तूच्या दुकानात गेलो. दिवसभराच्या सुया सकाळीच, चष्म्याशिवाय ओवून ठेवायची त्याची सवय होती. शेवटच्या ओवलेल्या सुया भिंतीवरच्या चिंधीत टोचलेल्या होत्या. दत्तूची बायको, आमची वहिनी, त्यांना हात लावत नाही. तिने दुसरीच एक सुई माझ्यापुढे धरली. “एवढा दोरा घालून द्या, मास्तर.” मी चष्मा लावला, दाराच्या उजेडात गेलो, दोऱ्याचं टोक ओलं केलं... तीनदा दोरा बाजूने गेला. चौथ्यांदा तिनेच सुई माझ्या हातून घेतली.