रेशमात अडकणारी बोटं

कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल होतं. त्यावर रफूचं काम चाले आणि ते काम करणाऱ्या माणसाला सगळे रेशीमकाका म्हणत. कारण उघड होतं. काका हात लावत ते फक्त रेशमाला. लोकरीचे मोजे आणि विजारींचे फाटके गुडघे यांची एक टोपली खोलीच्या दाराशी पडलेली असे. तिच्याकडे काका बघतही नसत. ती टोपली दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी येऊन घेऊन जाई.

काम शिकताना काकांना एक गोष्ट बजावून सांगितली होती, की रेशमाला तेलाचं बोट लागता कामा नये. डाग पडला की धुणाऱ्याच्याही नाकी नऊ येतात. काकांनी हा नियम असा पाळला की जन्मात कधी हाताला तेल नाही, मलम नाही, काही नाही. घरी तळणीजवळ फिरकायचे नाहीत. डोक्याला तेलसुद्धा काकू लावून देत. आणि दुकानात प्रत्येक कपडा हातात घेण्याआधी ते कपड्याच्या साबणानं, बंबाच्या कढत पाण्यात हात खसाखसा धूत.

"काका, हात धुताय की भांडी घासताय?" इस्त्रीवाला वाफेच्या ढगातून विचारी.

"तू तुझ्या कॉलरी सरळ कर," काका म्हणत.

तरुणपणी हातांनी हे सगळं मुकाट्यानं सोसलं. साठी उलटल्यावर मात्र त्यांची सहनशक्ती संपत आली, आणि काकांना याचा पत्ताच नव्हता.

थंडीचे दिवस होते. काका एका राखाडी रुमालावर काम करत असताना बारीकसा 'चर्र' आवाज झाला आणि एक धागा ओढला गेला. काकांना वाटलं, सुईला कंगोरा आलाय. त्यांनी सुई बदलली. पुन्हा चर्र. दुसरी सुईही बाद केली. मग डाव्या हाताचं मधलं बोट उजेडात धरून पाहिलं, तर ते पार खरखरीत झालेलं. रफू करताना हेच बोट कापडाखालून फिरतं, धागा कुठे आहे ते तेच सांगतं. आज ते सांगायच्या ऐवजी ओढत होतं.

आता दुसरा कोणी असता तर बायकोला विचारता. काकांनी कारागिराची अक्कल चालवली. कापडाखाली ठेवायचं एक लाकडी अंडं त्यांच्याकडे होतं. त्याला ओरखडा आला की काका बारीक पॉलिशपेपर फिरवून ते आरशासारखं करत. मग लाकडाला जे चालतं ते बोटाला का नाही? काकांनी खिडकीकडे तोंड करून बोट घासलं. झकास! तासभर बोट लोण्यासारखं. दुसऱ्या दिवशी ते आधीपेक्षा खरखरीत. काकांनी जास्त घासलं, जास्त कढत पाण्यात धुतलं. आठवडा संपेपर्यंत बोटांना भेगा पडल्या, शर्टाची गुंडी लावताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं, पण काकांनी ताकास तूर लागू दिली नाही.

नेमका त्याच सुमारास एक लग्नाचा झगा आला. फिक्या सायीच्या रंगाचा, अंगावर घेतला तर वजन जाणवणार नाही असा. तो घेऊन आलेल्या बाईंनी स्वतःच्या लग्नात तो घातला होता, आता त्यांची मुलगी तोच घालणार होती. छातीपाशी कसरीनं एक भोक पाडलं होतं. काकांनी झगा टेबलावर पसरला, हात आत घातला, बाहेर काढला, आणि बोटाबरोबर एक धागा लांबवर ओढला गेला. भोक होतंच, आता त्याच्या शेजारी एक ओरखडाही आला.

दुकानाच्या मालकीणबाई मागेच उभ्या होत्या.

"काका, हात दाखवा."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"अहो, शाळेत आहात का? दाखवा म्हणते ना."

काकांनी हात पुढे केले. मालकीणबाईंनी श्वास आत ओढला. "हे काय करून घेतलंत?"

"थंडी आहे जरा."

"थंडी मलाही आहे. कशानं झालं?"

काका छताकडे बघू लागले. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. "पॉलिशपेपर. मी बघितलंय रोज. मला वाटलं नखांना आकार देतायत."

"चहाडखोर!" काका म्हणाले.

मालकीणबाई हसल्या नाहीत. झगा त्यांनी घडी करून कपाटात ठेवला. "लग्नाला अजून अवकाश आहे. तोवर हात बरे झाले तर हे काम तुमचं. नाही झाले तर झगा त्या शिंप्याकडे जाईल. आणि काका, मनाला लावून घेऊ नका, पण मग यापुढे सगळं रेशीम तिकडेच जाईल. तुम्ही मोजे बघा."

मोजे! काका घरी गेले ते अर्धे होऊन.

काकूंनी हात पाहिले आणि आधी कपाळावर हात मारला, मग तेलाची बाटली आणली.

"वेड लागलंय का तुला? रेशमाला डाग पडेल!"

"रेशीम राहिलंय कुठे तुमच्याकडे? तेलही नाही आणि रेशीमही नाही. चला डॉक्टरकडे."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"अवलक्षण करून झालंय. आता फक्त दाखवायचं बाकी आहे."

त्वचेची डॉक्टरीण त्यांच्या नातीच्या वयाची दिसत होती. तिनं भिंग लावून बोटं पाहिली. "साबण कुठला वापरता?"

"कपड्याचा."

"पाणी?"

"कढत."

"आणि आणखी काही?"

काकूंनी कोपरखळी मारली. "सांगा की. तिथे मर्दुमकी गाजवलीत, इथे का लाजता?"

"पॉलिशपेपर," काका पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खुर्च्यांना लावतात तो?"

"बारीक असतो हो तो. अगदी बारीक."

तिला हसू आवरेना, पण समजावून मात्र तिनं नीट सांगितलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत. विटांच्या मधे स्निग्ध पदार्थ असतो, चुन्यासारखा. तो आतलं पाणी आत ठेवतो आणि बाहेरचा त्रास बाहेर. वय वाढलं की शरीर हा चुना कमी बनवतं, आणि पडझड झाली तर दुरुस्तीलाही जास्त वेळ लागतो. त्यात कढत पाणी आणि कडक साबण असला की उरलासुरला चुनाही वाहून जातो. "आणि तुम्ही तर वरच्या विटाच घासून काढल्यात."

काका विचारात पडले. "म्हणजे उभे धागे आहेत, पण आडवे सुटलेत."

"तसं समजा."

"मग रफू करून द्या."

"रफू ती स्वतःच करते. तुम्ही फक्त तिला करू द्या. घासू नका, सोलू नका. कोमट पाणी, सौम्य साबण. हात टिपून घ्या, आणि ओलसर असतानाच मलम लावा. रात्री जाडसर लावून वर सुती मोजे घाला."

"मोजे?" काका दचकले.

"हातमोजे हो," काकू म्हणाल्या.

त्या रात्रीपासून काका पांढरे हातमोजे घालून झोपू लागले. काकूंना तर करमणूकच झाली. "चौकातला पोलीस शेजारी झोपल्यासारखं वाटतंय. कूस बदलण्याआधी हात दाखवत जा म्हणजे झालं." काका रागावून भिंतीकडे तोंड करत, पण हातमोजे काढत नसत.

सुरुवातीला काही फरक दिसेना. एकदा दुकानात सवयीनं त्यांनी बंबाच्या कढत नळाखाली हात धरले आणि दोन दिवसांची कमाई एका मिनिटात वाहून गेली. मग इस्त्रीवाल्यानं त्या नळाला चिंधी बांधून टाकली. "आता सोडून दाखवा," म्हणाला. हळूहळू भेगा मिटल्या. बोटांवर नवी, गुलाबी कातडी दिसू लागली. काका रोज रेशमाच्या एका तुकड्यावर बोट फिरवून बघत. मलमाचं बोट टेकवलं तर डाग पडे, ते रात्रीपुरतंच ठीक होतं. पण रात्री मलम लावून सकाळी कोमट पाण्यानं हात धुतले, तर बोट मऊही असे आणि कोरडंही. तुकड्यावर ना डाग, ना ओरखडा. फक्त एक खोट होती. हा मऊपणा जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिके. दुपार कलली की बोट पुन्हा किंचित ओढू लागे. म्हातारी कातडी अर्ध्या दिवसाचाच पगार घेते, असं काका स्वतःशी म्हणाले, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगितली तर रेशीम गेलंच.

अखेर झगा देण्याचा दिवस आला. मालकीणबाईंनी सकाळीच तो टेबलावर ठेवला. "बाई चारला येणार आहेत."

काकांनी हात धुतले, टिपले, रेशमाच्या त्या तुकड्यावर बोट तपासलं आणि काम सुरू केलं. झग्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढून ते एकेक विणू लागले. मधलं बोट कापडाखाली असं फिरत होतं की काकांचं त्यांनाच कौतुक वाटलं. भोक बुजलं. आता शेजारच्या ओरखड्यातला ओढला गेलेला धागा तेवढा राहिला होता. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. काका जेवले आणि परत बसले. बोट कापडाखाली गेलं आणि त्यांना ते जाणवलं. चर्र झालं नव्हतं अजून, पण होणार होतं.

"एवढंसं तर राहिलंय," इस्त्रीवाला म्हणाला. "संपवून टाका."

काकांनाही तेच वाटत होतं. हळू केलं तर निभेल, कोणाला कळणारही नाही. पण झगा त्या बाईंचा होता आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीचा. काकांनी हात अलगद बाहेर काढला, सुई टोचून ठेवली आणि पुढच्या खोलीत गेले.

"उरलेलं उद्या सकाळी करतो."

"उद्या?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "आणि चारला येणाऱ्यांना मी काय सांगू?"

"सांगा, झगा तयार होतोय, बोट दमलंय." मग त्यांनी मनातलं सगळं ओकून टाकलं. "बाई, खरं सांगतो. माझा हात आता सकाळपुरताच रेशमाचा आहे. दुपारनंतर तो भरवशाचा नाही. शिंप्याकडे पाठवायचं असेल तर पाठवा, मी रागावणार नाही." हे शेवटचं वाक्य साफ खोटं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मालकीणबाईंनी झगा खिडकीशी नेला. भोकाची जागा शोधायला त्यांना बराच वेळ लागला. चारला झग्याच्या बाई आल्या तेव्हा मालकीणबाईंनी एवढंच सांगितलं, "उद्या दुपारी या. घाईत केलेलं तुम्हालाच आवडणार नाही." बाई कुरकुरल्या, पण गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी काम संपलं. झगा कागदात गुंडाळून बाहेर गेला, आणि मालकीणबाई दारातली टोपली उचलून काकांच्या टेबलाशी आल्या.

"सकाळी रेशीम," त्या म्हणाल्या. "पटतंय?"

"आणि दुपारी?"

त्यांनी टोपली टेबलावर ठेवली.

काकांनी टोपलीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा टोपलीकडे. उठून कोमट पाण्यात हात धुतले, बोटांना मलम चोळलं आणि ते जिरेपर्यंत शांत बसून राहिले. मग वरचा मोजा उचलला. त्याला टाच म्हणून काही उरलीच नव्हती.

"अरे, हा पायात घालत होते की दाराला बांधत होते?" काका म्हणाले.

"काका, मी तर तो हातानं धरायलाही तयार नव्हतो," इस्त्रीवाला म्हणाला.

काकांनी लाकडी अंडं मोज्यात सारलं आणि जाड सुई ओवली. लोकर बिचारी मऊ निघाली. बोटं खरखरीत आहेत का, हे तिनं विचारलंही नाही.