नाटकातल्या पैलवानाची पाठ

रविवार, ऑक्टोबर १९७७, सकाळी नऊ. सोलापूर, गिरणीच्या कामगार केंद्राचा हॉल. हजर: शाळेतले चित्रकलेचे मास्तर, हेच दिग्दर्शक; मागखात्यातला विणकर, पहिला चोर; त्याच्याच खात्यातले दोघे, दुसरा आणि तिसरा चोर; गठ्ठे उचलणारा पैलवान, गोदामाचा राखणदार; आणि मी, केंद्रातल्या शिवणवर्गाची बाई. माझ्याकडे कपडे, सामान आणि विंगेतून संवाद सांगणं. गैरहजर: कोणी नाही.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. मला याद्या ठेवायची सवय आहे, त्यामुळे पुढचं निम्मं तरी आठवणीवर नाही, वहीवरून सांगते.

मास्तरांनी कॉलेजच्या फिल्म क्लबात एक परदेशी सिनेमा पाहिला होता. कुठल्या देशाचा, ते त्यांनाही सांगता येईना. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती वाचून होईपर्यंत पुढची येत. पण गोष्ट कळली होती. तीन बावळट चोर तिजोरी फोडायला जातात. आत एक अगडबंब राखणदार, त्याच्या गळ्यात किल्ली. सगळ्यात किरकोळ चोर त्याच्या डोक्यात फुलदाणी घालतो, खुर्ची घालतो, भिंतीवरचं घड्याळ घालतो. राखणदार दर वेळी नुसता मान वळवून बघतो. शेवटी चोर दमून रडायला लागतो. राखणदार त्याचे डोळे पुसायला खिशातून रुमाल काढतो आणि काढता काढताच धाडकन उताणा पडतो. चोर त्याच्या पोटावर चढून नाचतो आणि किल्ली काढून घेतो.

"कॉलेजची पोरं हसून लोळली," मास्तर म्हणाले. "हे आपण आपल्या गिरणीतल्या लोकांसाठी मराठीत करायचं."

करायचं म्हणजे बदलायचं. तिजोरीच्या जागी जरीच्या गठ्ठ्यांचं गोदाम आलं. फुलदाणीऐवजी पाण्याचा माठ, खुर्चीऐवजी पाट, दारूच्या बाटलीऐवजी सोड्याची. घड्याळ राहिलं. पिस्तूल काढलं, कारण विणकर म्हणाला, "पिस्तूल बघून इथं कोण हसतंय मास्तर? लाटणं घ्या. लाटण्याचा मार सगळ्यांनी खाल्लाय."

हा विणकर तेलुगू घरातला, चाळिशीचा, काडीसारखा. गिरणीत कोणाचीही नक्कल करायचा. मोठा बदल त्यानेच सुचवला. तो म्हणाला, "समोर बसणार कोण? मागांवर वीस वर्षं काढलेली माणसं. त्यांना ऐकू येतंय कुठं? मलाच येत नाही. तुमचे संवाद वाया जाणार. मार दिसला पाहिजे, आणि मारायचा तर जोरात मारायचा, नाहीतर मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही."

मास्तरांना पटलं. त्यांनी सोळा पानांचे संवाद नऊ पानांवर आणले आणि उरलेल्या जागेत मार घातला. सिनेमात म्हणे कोणालाच लागत नव्हतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यापासून लागायला लागलं. लटकी चापट हॉलच्या मध्यापर्यंतही ऐकू जाईना, म्हणून खरी मारायची. पुठ्ठ्याचा पाट बद्‌ वाजायचा, म्हणून लाकडाचा आणला. माझ्या वहीत ‘लागलेले’ असं एक पानच आहे. दुसऱ्या चोराचा खालचा ओठ, तीन टाके. तिसऱ्या चोराचं बोट पाटाखाली, नख गेलं. विणकराच्या तळहातात सोड्याच्या बाटलीची काच. चापट कशी मारायची ते दाखवताना मास्तरांच्याच कानफटात बसली, दोन दिवस कान गुणगुणत होता. कापूस आणि आयोडीन मी शिवणवर्गाच्या कपाटातून आणून ठेवलं. पैलवानाच्या नावापुढे दर आठवड्याला एकच नोंद: काही नाही.

त्याला रोज डोक्यात माठ, पाठीत पाट आणि खांद्यावर लाटणं बसायचं. तो हसायचा. "अजून हाणा की," विणकराला म्हणायचा, "लई हलकं लागतंय. घरी खात न्हाय का काय?" विणकर त्याला ऐकू आलं नाही असं दाखवून आणखी एक ठेवून द्यायचा.

अडलं ते पडण्यापाशी.

"आता उताणा," मास्तर म्हणाले.

पैलवान गुडघ्यावर आला. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. तो पालथा पडला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर उठून उभा राहिला.

"पालथा सांगा, कितीबी वेळा पडतो. उताणा न्हाय."

"अरे, नाटक आहे हे."

"नाटक हाय, पण पाठ माजीच हाय की."

तो सांगोल्याकडचा. बाप मेंढरं राखायचा. तीन भावांत याला एकट्याला निवडून सहा वर्षांपूर्वी शहरातल्या तालमीत पाठवलेलं, आणि घरचं तूप दर महिन्याला डब्यातून यायचं. सहा वर्षांत एकाही कुस्तीत त्याची पाठ मातीला लागली नव्हती. जानेवारीत सोलापुरातल्याच गड्ड्याच्या जत्रेत त्याची मोठ्या कुस्तीची जोड ठरली होती, आणि ती ठरली होती याच एका गोष्टीवर. चार लोकांत उताणा पडला, असं नुसतं बोललं गेलं तरी त्याचं सगळं गेलं.

विणकर म्हणाला, "पालथा पडलास तर मी किल्ली कुठनं काढू बे?"

"पाठीवर बांदा किल्ली."

सगळे हसले, मास्तर सोडून. ते म्हणाले, "डोंगर उताणा पडला तर हसू येतं. पालथा पडला तर लोकांना वाटतं मेला."

दोन दिवसांनी तालमीचे वस्ताद आले. म्हातारे, फेटा, हात मागे बांधलेले. अर्धा तास उभ्यानेच मारामारी बघितली. मग मास्तरांना म्हणाले, "मारा किती मारायचा तेवढा. अंग आहे ते, मार खायलाच वाढवलंय. पाठ मात्र लागू द्यायची नाही. लागली तर तो माझ्या तालमीतला नाही, आणि जोडही मोडली समजा."

"नाही लागणार," मास्तर म्हणाले.

मला वाटलं विषय संपला. वहीत मी लिहिलं: ‘राखणदार गुडघ्यावर येईल. किल्ली हातात देईल.’ आणि पुढचा महिनाभर सराव तसाच झाला.

प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला. सकाळी मी सामान मांडत होते तेव्हा मास्तरांनी एक चिठ्ठी दिली. सामानाच्या यादीत एक वस्तू वाढवायची होती: एरंडेल, एक वाटी. माठ फुटतो त्या जागी, उजव्या कोपऱ्यात ओतायचं. मी विचारलं, "कशाला?"

"माठातलं पाणी सांडतं ना, ते दिव्यांत चमकलं पाहिजे."

पाणी तेलाशिवायही चमकतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण यादीत आलेली वस्तू आणायची आणि खूण करायची, हे माझं काम होतं. दुकानातून एरंडेल आणलं. मध्यंतराला पडदा पडला तेव्हा ओतलं, बोटाने पसरलं, साडीच्या पदराला हात पुसला आणि खूण केली. विणकराला, पैलवानाला, कोणालाच सांगितलं नाही. मास्तरांनीही सांगितलं नाही.

हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत वस्ताद आणि तालमीतली दहा-बारा पोरं. मागे मागखातं. पहिल्या चापटीपासून लोक हसत होते. माठ फुटला तेव्हा मागच्या रांगांनी पाय आपटले. पाट बसला, लाटणं बसलं, घड्याळ फुटून त्याची स्प्रिंग पैलवानाच्या कानात अडकली, ते तर ठरलेलंही नव्हतं. विणकर रडायला लागला. पैलवानाने रुमाल काढला आणि गुडघ्यावर यायला एक पाऊल मागे घेतलं.

पाय सटकला. दोन्ही पाय एकदम वर गेले. एवढं मोठं अंग सरळ पाठीवर येत होतं, मला विंगेतून तीन हातांवरून दिसत होतं. दुसरा कोणीही असता तर पाठीवर पडला असता, आणि चार मिनिटांत उठून बसला असता. त्याचं अंग हवेतच वळलं. उजवा हात त्याने खाली घातला आणि सगळा भार त्या एका हातावर घेतला. कोपर उलट्या बाजूला मोडलं. आवाज मला ऐकू आला. मागच्या रांगांना आला नसावा. त्यांनी फक्त पाय वर गेलेले पाहिले, आणि इतकं हसू त्या हॉलमध्ये मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तो पडून राहिला नाही. मोडलेल्या हातावर कुशीला अंग तोलून धरलं होतं. पाठ आणि फळी यांच्यामध्ये माझी मूठ गेली असती एवढी जागा.

विणकराला वाटलं, पैलवानाने ऐनवेळी मास्तरांचं ऐकलं. तो आनंदाने त्याच्या बरगड्यांवर चढला आणि पहिल्या आठवड्यात बसवलेला नाच नाचायला लागला.

"उतर," पैलवान दातांतून म्हणाला. "मोडलाय. उतर."

विणकराला ऐकू गेलं नाही. मला गेलं. पडद्याची दोरी ओढणारा माझ्या खुणेची वाट बघत माझ्याकडेच बघत होता. नाच संपल्यावर पडदा, असं माझ्या कागदावर होतं. मी खूण केली नाही. विणकर सहा-सात वेळा उडी मारून आदळला. प्रत्येक उडीला ती जागा कमी होत होती, आणि प्रत्येक वेळी पैलवान ती पुन्हा वर उचलत होता. त्याच्या ओठातून रक्त आलं तेव्हा कुठे मी हात वर केला.

तोवर तालमीतली पोरं उठली होती. हात उलटा वळलेला त्यांना दिसला. ती मंचावर चढली आणि पहिल्याच पोराचा पाय तेलावरून घसरला. त्याने बोटांना लागलेलं तेल हुंगलं आणि विणकराकडे बघितलं. पुढचं मी एकेक सांगते. विणकराला केस धरून खाली ओढलं. त्याच लाकडी पाटाने तोंडावर मारलं, दोनदा. तो पडल्यावर चौघांनी लाथांनी तुडवलं. दुसरा चोर मध्ये पडला, त्याचा शिवलेला ओठ पुन्हा फाटला. मास्तर मागच्या दाराने गेले. लोक अजून हसत होते. त्यांना वाटत होतं, नाटकच चाललंय. मग विणकराचे दात फळीवर दिसले आणि हॉल एकदम गप्प झाला.

वस्ताद पायऱ्यांनी सावकाश वर आले. पोरं बाजूला झाली. ते पैलवानाजवळ उकिडवे बसले.

"पाठ लागली?"

"न्हाय वस्ताद."

मग त्यांनी फेटा सोडला आणि त्यात तो हात बांधला.

हात सरळ झाला नाही. सरकारी दवाखान्यातून पैलवान दोन महिन्यांनी बाहेर पडला तेव्हा जत्रा होऊन गेली होती. ज्याच्याशी जोड ठरली होती त्याच्या माणसांनी सांगायला सुरुवात केली होती की सोलापुरात एका काडीपैलवानाने याला माठ मारून उताणा पाडला आणि वर नाचला. पाचशे माणसांनी पाहिलं म्हणे. आता तो गावाकडे पोरांना कुस्ती शिकवतो, पण यात्रेत आखाड्याच्या कडेला उभा राहिला की कोणीतरी ओरडतं, "माठ आणू का?" पोरांचे बाप पोरं दुसरीकडे पाठवतात.

हे मला वस्तादांनी सांगितलं. ते शिवणवर्गात आले होते, मशीन चालू असताना. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं, आणि तुम्ही सगळं लिहून ठेवता. एक कागद करा. त्या दिवशी मंचावर कोण कोण होतं, आणि पाठ लागली नाही. सगळ्यांच्या सह्या घ्या. मी गावोगाव नेऊन वाचतो."

कागद मी त्याच दिवशी केला. दुसऱ्या चोराची सही मिळाली, तिसऱ्याची मिळाली. पडदेवाल्याने अंगठा दिला. मास्तर बदली घेऊन गेले होते, त्यांना कागद टपालाने पाठवला. त्यांनी सही करून कागद परत पाठवला, सोबत एक शब्दही नाही. राहिला विणकर. वस्ताद म्हणाले, त्याची नसेल तर बाकीच्यांना किंमत नाही. पैलवानाच्या अंगावर चढलेला तोच होता.

तो इचलकरंजीला मेव्हण्याच्या मागांवर होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. शेडमध्ये बारा माग चालू होते. समोरचे दात नसल्यामुळे मी त्याला आधी ओळखलंच नाही. काय हवंय ते मला त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. तोही ओरडूनच बोलत होता, आणि शेडमधली माणसं आमच्याकडे बघत होती.

"पाठ लागली नव्हती," तो ओरडला. "मी वर होतो, मला माहीत. सही देतो की. पण आधी वर लिहा, तेल कोणी टाकलं."

मी कागद त्याच्यापुढे केला.

"पोरांनी मला तेलासाठी मारलं, बाई. अजून सोलापुरात पाय ठेवू देत नाहीत. पैलवानालाही वाटतंय, मीच टाकलं. मी आंधळा की काय, तेल टाकून त्यावरच नाचायला? कोणी टाकलं ते लिहा. मग दहा सह्या घ्या."

त्याने कागद हातात घेऊन मागावरच्या दिव्याच्या उजेडात धरला, सह्या मोजल्या आणि विचारलं, "यात तुमची कुठं आहे?"

मी म्हटलं, सगळ्यांच्या झाल्यावर करणार आहे. ते त्याला ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. त्याने कागद घडी करून परत दिला आणि तुटलेला धागा जोडायला वळला.

मी परत आले. वस्ताद त्यानंतर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी सांगितलं, विणकर भेटला नाही. तालमीतली ती पोरं केंद्राच्या गल्लीतच राहतात, आणि केंद्रातली माझी नोकरी वर्षावर्षाने वाढवून मिळते. तेल मी आणलं, मी ओतलं, चिठ्ठी मास्तरांची होती. एवढं त्या कागदावर पहिल्या सहीच्या वर लिहायचं, खाली माझी सही करायची, आणि पुन्हा इचलकरंजीची गाडी धरायची. तेवढी जागा मी कागदावर सोडलेली आहे. काम बाकी.