टोपली पालथी घातली की

माजिवड्याच्या नाक्यावरच्या मासळीवाल्या मावशी नसत्या, तर मी दिवाळीला आईकडे पोचलोच नसतो. त्यांचं नाव ठाऊक नाही. परभणीच्या बससाठी त्यांच्याशेजारी थांबलेलो. रजा मंजूर होती, तरी मी वॉचमन असलेल्या सोसायटीतून फोन सुरूच: पंप चालत नाही, परत ये.

मावशींनी फोन घेऊन बंदच केला. "संध्याकाळी मी टोपली पालथी घातली की कोण भाव विचारत नाही. तू पण घाल रे पालथी!"

"नोकरी गेली तर?"

"मग ये माझ्याकडं, कोळंबी सोलायला!"

आता गावी आहे. फोन अजून बंदच आहे. मावशींना मात्र दिवाळीला लेकीकडे जायला मिळालं नाही; बस येईपर्यंत त्यांनीच तसं सांगितलं होतं. त्यांच्या जागी बसायला कुणी नाही. एका दिवाळीला मी बसेन.